एन्थाल्पीच्या गणितात वजाबाकी नेमकी कुठून कुठे करायची?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी बारावीला आहे, लातूरला क्लास लावलाय. नीट आणि सीईटी दोन्हींची तयारी चालू आहे. एन्थाल्पीच्या गणितात फॉर्मेशन दिलं असलं की प्रॉडक्ट वजा रिॲक्टंट, बाँड एन्थाल्पी दिली असली की रिॲक्टंट वजा प्रॉडक्ट, कंबशन दिलं की पुन्हा उलटं. सगळं पाठ आहे, पण पेपरात गोंधळ होतोच. आकडा बरोबर येतो आणि चिन्ह चुकतं. शिवाय एकच रिॲक्शन दोन पद्धतींनी सोडवली की दोन वेगळी उत्तरं येतात. मग खरं कोणतं?"

तुझे प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. तू सूत्र पाठ केलंस आणि दिलेली किंमत कोणत्या रिॲक्शनची आहे हे बघायचं राहून गेलं. प्रत्येक एन्थाल्पीच्या, म्हणजे रिॲक्शनमधल्या उष्णतेच्या, आकड्यामागे एक समीकरण असतं आणि त्या समीकरणाला एक बाण असतो. तो बाण कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो हे एकदा नीट पाहिलं की वजाबाकीची दिशा वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

हा गोंधळ तुझ्या एकट्याचा नाही. नीटसाठी थर्मोडायनॅमिक्स अकरावीत होतं, एनसीईआरटीच्या पुस्तकातून. राज्य मंडळाच्या पुस्तकात तोच विषय बारावीला चौथ्या प्रकरणात येतो. त्यामुळे एकच गोष्ट दोनदा, दोन वेगळ्या सरांकडून, दोन वेगळ्या फॉर्म्युला-शीटवरून होते आणि डोक्यात सूत्रांची भेळ होते. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, आणि उलट्या चिन्हाचा पर्याय तर पेपर काढणारा मुद्दाम ठेवतोच. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

दाब स्थिर ठेवून रिॲक्शन केली की जेवढी उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते, तेवढा एन्थाल्पीतला बदल. बाहेर पडली तर उणे, शोषली तर अधिक. हे तुला येतं. पुढची गोष्ट मात्र सगळ्या गणितांचा कणा आहे: हा बदल फक्त सुरुवात आणि शेवट यांवर अवलंबून असतो, वाटेवर नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, नांदेड खाली गोदावरीकाठी. अहमदपूर-लोह्यावरून एसटीनं जा नाहीतर परळी-परभणीवरून रेल्वेनं जा. किलोमीटर वेगळे, तिकीट वेगळं, लागणारा वेळ वेगळा. दोन्ही गावांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतला फरक मात्र तोच. एन्थाल्पी म्हणजे ती उंची. जर्मेन हेस या शास्त्रज्ञानं १८४० मध्ये हे प्रयोगांवरून मांडलं. जन्मानं जिनिव्हाचा, काम रशियात सेंट पीटर्सबर्गला. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून सर्वमान्य व्हायचा होता, हे लक्षात घेतलं की त्याच्या निरीक्षणाची ताकद कळते.

आता उंची मोजायची तर तळ ठरवावा लागतो. आपल्या गणितांमध्ये तीन तळ वापरतात आणि तुझी तीन "सूत्रं" तिथूनच आली आहेत.

पहिला तळ मूलद्रव्यांचा. फॉर्मेशन एन्थाल्पी म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल संयुग तयार होतानाचा बदल. बाण मूलद्रव्यांकडून निघतो आणि संयुगापाशी पोहोचतो. मूलद्रव्य आपल्या सर्वांत स्थिर रूपात असेल तर त्याची किंमत शून्य धरायची: कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात शून्य, हिरा +१.९, ऑक्सिजन वायू शून्य, ओझोन +१४२.७, ब्रोमीन द्रवरूपात शून्य, त्याची वाफ +३०.९ किलोज्यूल प्रति मोल. फॉस्फरस याला अपवाद आहे. तांबडा फॉस्फरस जास्त स्थिर असूनही शून्य पांढऱ्याला दिलेलं आहे. "मूलद्रव्य आहे, म्हणजे शून्य" असं डोळे झाकून लिहिणारा हिऱ्याच्या प्रश्नात हमखास अडकतो.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जे इथेनॉल तयार होतं, त्याचं ज्वलन घेऊ. हे एकच उदाहरण नीट झालं तर निम्मं प्रकरण झालं.

इथेनॉल (द्रव) + ३ ऑक्सिजन (वायू) → २ कार्बन डायऑक्साइड (वायू) + ३ पाणी (द्रव)

फॉर्मेशनच्या किमती किलोज्यूल प्रति मोलमध्ये अशा: इथेनॉल द्रव −२७७.७, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, पाणी द्रव −२८५.८. आता सूत्र बाजूला ठेव आणि वाट काढ. रिॲक्टंटपासून आधी मूलद्रव्यांपर्यंत जायचं. इथेनॉलचा बाण मूलद्रव्यांकडून इथेनॉलकडे येणारा आहे आणि आपल्याला उलटं जायचंय, म्हणून चिन्ह उलटं: +२७७.७. ऑक्सिजन आधीच मूलद्रव्य आहे, तिथे काही नाही. मग मूलद्रव्यांपासून प्रॉडक्टपर्यंत बाणाच्याच दिशेनं: दोन मोल कार्बन डायऑक्साइडचे −७८७.०, तीन मोल पाण्याचे −८५७.४. बेरीज −१६४४.४. त्यात +२७७.७ मिळवले की −१३६६.७ किलोज्यूल.

हेच "प्रॉडक्ट वजा रिॲक्टंट". पण आता त्यातला "वजा" कुठून आला ते तुला दिसतं: रिॲक्टंटचे बाण आपण उलटे चाललो म्हणून.

दुसरा तळ सुट्या अणूंचा, आणि हा खूप उंचावर आहे. बाँड एन्थाल्पी म्हणजे वायुरूप रेणूतला एक मोल बंध तोडायला लागणारी ऊर्जा. म्हणजे इथे बाण संयुगाकडून निघतो आणि अणूंकडे जातो. फॉर्मेशनच्या नेमका उलट. त्यामुळे रिॲक्टंटकडून अणूंकडे जाताना बाणाच्या दिशेनं, चिन्ह तसंच; अणूंकडून प्रॉडक्टकडे येताना बाणाच्या उलट, चिन्ह उणे. झालं "रिॲक्टंट वजा प्रॉडक्ट". बंध तुटताना ऊर्जा शोषली जाते, जुळताना बाहेर पडते, हे त्याच वाक्याचं दुसरं रूप. "बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती सुटते" असं कुणी कुणी शाळेतून शिकून येतं. ती समजूत मनातून काढून टाक, कारण ती राहिली तर इथलं प्रत्येक चिन्ह उलटं होणार.

तेच इथेनॉल बंधांनी करू. इथेनॉलच्या रेणूत पाच कार्बन-हायड्रोजन बंध, एक कार्बन-कार्बन, एक कार्बन-ऑक्सिजन आणि एक ऑक्सिजन-हायड्रोजन. किमती अनुक्रमे ४१४, ३४७, ३५१ आणि ४६४. सोबत ऑक्सिजनचे तीन रेणू, प्रत्येकी ४९८. तोडण्याचा खर्च: २०७० + ३४७ + ३५१ + ४६४ + १४९४ = ४७२६. तयार होतात ते कार्बन डायऑक्साइडमधले चार दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे ३१९६. आणि पाण्यातले सहा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, म्हणजे २७८४. एकूण ५९८०. फरक: ४७२६ − ५९८० = −१२५४.

मघाशी −१३६६.७ आलं होतं, आता −१२५४. तुझा दुसरा प्रश्न हाच. बहुतेक मुलं इथे म्हणतात, "बाँड एन्थाल्पी सरासरी असते म्हणून फरक पडतो." ते खरं आहे, पण या ११३ किलोज्यूलमधला मोठा भाग सरासरीचा नाहीच. तो अवस्थेचा आहे.

बाँड एन्थाल्पी फक्त वायूंसाठी असते. म्हणजे दुसऱ्या गणितात आपण नकळत इथेनॉलची वाफ जाळली आणि प्रॉडक्ट म्हणून पाण्याची वाफ मिळवली. पहिल्यात दोन्ही द्रव होते. म्हणजे ही दोन वेगळ्या रिॲक्शनची उत्तरं आहेत. ती सारखी कशी येतील? तुलना करायची तर फॉर्मेशनच्या किमतीही वायूंच्या घ्याव्या लागतील: इथेनॉल वायू −२३५.१, पाण्याची वाफ −२४१.८. मग दोन मोल कार्बन डायऑक्साइडचे −७८७.०, तीन मोल वाफेचे −७२५.४, आणि उलट दिशेनं +२३५.१. बेरीज −१२७७.३.

आता −१२७७.३ आणि −१२५४ शेजारी ठेव. फरक २३ किलोज्यूल, दोन टक्क्यांच्या आत. हा एवढाच फरक सरासरीचा. उरलेला हिशेबही जुळवून बघ. पाण्याची वाफ द्रव होताना मोलमागे ४४.० किलोज्यूल बाहेर पडतात, तीन मोलांचे १३२.०. द्रव इथेनॉलची वाफ करायला ४२.६ लागतात. −१२७७.३ − १३२.० + ४२.६ = −१३६६.७. पहिल्या पद्धतीचं उत्तर दशांशापर्यंत परत आलं. वाटा वेगळ्या, फरक तोच, हे हेसचं म्हणणं इथे आकड्यांत डोळ्यांसमोर दिसतं. हे गणित तू स्वतःच्या वहीत एकदा पूर्ण कर, नुसतं वाचू नकोस.

म्हणून प्रश्नात पाण्यापुढे कंसात द्रव लिहिलंय की वायू, ते आधी बघायचं. पाण्यासाठी −२८५.८ आणि −२४१.८ असे दोन्ही आकडे देऊन पेपर काढणारा तुझी हीच नजर तपासतो.

आणखी एक खोच. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची किंमत पुस्तकाच्या सरासरी तक्त्यात ७४१ दिसते. ती कार्बन डायऑक्साइडला लावायची नाही. तिथला बंध अधिक मजबूत आहे, ७९९ च्या आसपास. ७४१ घेतलं असतंस तर चार बंधांत २३२ किलोज्यूलची घट येऊन उत्तर −१०२२ वर गेलं असतं. प्रश्नात किंमत दिली असेल तर अर्थातच दिलेलीच वापर.

तिसरा तळ ज्वलनाच्या शेवटी उरणाऱ्या पदार्थांचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा. हा सगळ्यांत खाली. ज्वलन एन्थाल्पीचा, म्हणजे तुझ्या कंबशनचा, बाण संयुगाकडून निघतो आणि या तळाकडे उतरतो. संयुगाकडून निघणारा बाण म्हणजे पुन्हा बंधांसारखंच: रिॲक्टंट वजा प्रॉडक्ट. मिथेनची फॉर्मेशन एन्थाल्पी याच वाटेनं काढतात. कार्बन आणि दोन मोल हायड्रोजन जाळले की −३९३.५ आणि −५७१.६, मिथेन जाळला की −८९०.३, पण तो बाण उलटा चालायचा, म्हणून +८९०.३. उत्तर −७४.८.

आता एका ओळीत बोलायचं तर: दिलेल्या किमतीचा बाण संयुगाकडे येत असेल तर प्रॉडक्ट वजा रिॲक्टंट, संयुगाकडून निघत असेल तर रिॲक्टंट वजा प्रॉडक्ट. कंबशन आणि बाँड एकाच बाजूला का पडतात आणि फॉर्मेशन एकटं का, याचं उत्तर तेवढंच.

काही वेळा तीन-चार समीकरणं देऊन पाचव्याची किंमत विचारतात. तिथे हवं असलेलं समीकरण सगळ्यांत वर लिही, मग त्यातला असा पदार्थ शोध जो दिलेल्यांपैकी एकाच समीकरणात येतो. त्याच्यापासून सुरुवात केली की बाकीचं आपोआप लागतं. समीकरण उलटलं की चिन्ह उलटं, दोनने गुणलं की किंमतही दुप्पट. ग्रॅफाइटपासून कार्बन मोनॉक्साइड हे याचं अस्सल उदाहरण. प्रयोगशाळेत कार्बन जाळून नुसता मोनॉक्साइड मिळवता येत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. म्हणून ही उष्णता थेट मोजणं अवघड. पण कार्बनचं पूर्ण ज्वलन −३९३.५ आणि मोनॉक्साइडचं ज्वलन −२८३.० हे दोन्ही मोजता येतात. दुसरं उलटं करून मिळव: −११०.५. जे मोजता येत नाही ते हिशेबानं मिळतं, हेसच्या नियमाचा खरा उपयोग हाच.

आता कॅलरीमापीची, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्याची, गणितं, कारण चिन्ह चुकण्याची दुसरी मोठी जागा ती आहे. थर्माकोलच्या कपात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली एकत्र केलं, तापमान २८.० वरून ३४.८ अंशांवर गेलं. द्रावण १०० ग्रॅम, विशिष्ट उष्माधारकता ४.१८, वाढ ६.८. गुणाकार २८४२ ज्यूल. ही उष्णता द्रावणाला मिळाली, म्हणजे द्रावणासाठी अधिक. ती रिॲक्शनकडून आली, म्हणून रिॲक्शनसाठी उणे. थर्मामीटर द्रावणात बुडवलेला आहे, तो द्रावणाची बाजू सांगतो; आपल्याला रिॲक्शनची बाजू हवी. इथे चिन्ह बदलायचं. मग मोलांनी भागायचं: ५० मिलीमध्ये ०.०५ मोल, म्हणून −२.८४ भागिले ०.०५ = −५६.८ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकात ५७ च्या आसपास असतं. प्रात्यक्षिक करताना दोन्ही द्रावणं आधी एकाच तापमानाला येऊ दे; उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवलेली बाटली आणि कपाटातली बाटली यांच्यातला अंश-दोन अंशांचा फरकही उत्तर बिघडवतो.

हीच गोष्ट घरी हाताला जाणवते. दिवाळीआधी भिंतींना द्यायला चुनकळी पाण्यात विरवतात तेव्हा डबा रटरटायला लागतो, वाफा येतात. चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड −६३५.१, पाणी −२८५.८, विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड −९८६.१. उत्तर −६५.२ किलोज्यूल प्रति मोल. ज्वलनाच्या आकड्यांपुढे हे किरकोळ वाटेल. पण एक किलो चुनकळीत १००० भागिले ५६, म्हणजे जवळपास १८ मोल असतात. एकूण सुमारे ११६४ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत चार किलो पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. म्हणून चुनकळी थोड्या पाण्यात टाकली की पाणी उकळतं, आणि म्हणूनच लहान मुलांना त्या डब्याजवळ फिरकू द्यायचं नाही. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर भाजतो आणि चुन्यानं इजा होते ती वेगळीच.

याच्या उलट युरिया. ठिबकमधून सोडायला बादलीत युरिया विरघळवला की बादली बाहेरून गार लागते. विरघळताना मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल शोषले जातात. पाच लिटर पाण्यात एक किलो युरिया टाकला तर जवळपास १७ मोल, २५० किलोज्यूल. सहा किलो द्रावणाचं तापमान हिशेबानं साधारण दहा अंशांनी उतरतं. द्रावण थंड झालं, म्हणजे रिॲक्शनसाठी चिन्ह अधिक. बादलीला हात लावून हे एकदा बघितलंस की उष्माग्राहीचं चिन्ह पाठ करावं लागणार नाही.

बाँब कॅलरीमापीबद्दल थोडक्यात: तिथे घनफळ स्थिर असतं, म्हणून मिळते ती आंतरिक ऊर्जेतली घट. एन्थाल्पी हवी असेल तर वायूंच्या मोलांमधला फरक गुणिले ८.३१४ गुणिले तापमान एवढी दुरुस्ती करायची. मोजायचे ते फक्त वायूंचे मोल. द्रव इथेनॉलच्या ज्वलनात तीन मोल वायू जाऊन दोन येतात, फरक उणे एक, दुरुस्ती उणे २.५ किलोज्यूल: आंतरिक ऊर्जेतला बदल −१३६४.२, एन्थाल्पीतला −१३६६.७. ८.३१४ हे ज्यूलमध्ये आहे आणि बाकी सगळं किलोज्यूलमध्ये. हजारानं भागायचं राहिलं की उत्तर भलतीकडेच जातं.

प्रति मोल आणि प्रति ग्रॅम यांतही गफलत होते. इथेनॉलचे १३६६.७ भागिले ४६, म्हणजे ग्रॅममागे २९.७ किलोज्यूल. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरला तर सुमारे ५४७० भागिले ११४, म्हणजे ४८. इथेनॉल मिसळल्यावर गाडीचं ॲव्हरेज थोडं का उतरतं, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. प्रश्नात "चांगलं इंधन कोणतं" असं विचारलं असेल तर मोलवर जाऊ नकोस, ग्रॅमवर ये.

पेपरात वेळ कमी असतो हे मला माहीत आहे. तरी समीकरण संतुलित करून प्रत्येक पदार्थाखाली त्याची अवस्था आणि गुणकासहित किंमत लिहायला फार तर अर्धा मिनिट लागतो. शिवाय उत्तर आल्यावर एकदा विचार: ही रिॲक्शन ज्वलनाची आहे आणि चिन्ह अधिक आलंय का? बंध नुसते तुटतायत आणि चिन्ह उणे आलंय का? असं दिसलं तर बाण कुठेतरी उलटा चाललास.

आता एक गणित तू कर. मळी आंबवताना टाकीला बाहेरून थंड पाणी फिरवून गार ठेवावं लागतं, नाहीतर यीस्ट मरतं. का, ते काढ. ग्लुकोज (घन) → २ इथेनॉल (द्रव) + २ कार्बन डायऑक्साइड (वायू). ग्लुकोजची फॉर्मेशन एन्थाल्पी −१२७३.३, बाकीच्या वर दिल्या आहेत. उत्तर −६९.१ किलोज्यूल यायला हवं. +२०८.६ आलं तर इथेनॉलला दोननं गुणायचं राहिलंय, +६९.१ आलं तर तिन्ही बाण परत काढ आणि कोणता उलटा चालायचा होता ते बघ.